सणासुदीत घर, दागिने आणि पैसे सांभाळताना: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

गणेशचतुर्थीपासून दिवाळीपर्यंत, त्यानंतर नाताळच्या सुटीत आणि पुढे गावोगावच्या यात्रांपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील घरे एक तर पाहुण्यांनी भरलेली असतात किंवा कुलूपबंद असतात. चोरट्यांना या दोन्ही गोष्टी सोयीच्या पडतात. आपल्या भागात त्यात आणखी एका अडचणीची भर पडते. घर शहापुरात, शेती चंदगड तालुक्यात, मुलगी कोल्हापुरात आणि मुलगा पुण्यात अशी कितीतरी कुटुंबे येथे आहेत, त्यामुळे सणाचा प्रवास दोन राज्यांतून होतो आणि वाटेत काही विपरीत घडले, तर तक्रार कोणत्या ठाण्यात व कोणत्या भाषेत करायची येथूनच गोंधळ सुरू होतो. आमच्या गल्लीतील एका घरी घरफोडी झाल्यानंतर त्या कुटुंबाबरोबर पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंतच्या फेऱ्यांत मीही होतो. तेव्हा जे समजले ते या भागात नव्याने राहायला आलेल्यांना आणि पहिल्यांदाच घर बंद करून जाणाऱ्यांना उपयोगी पडावे, म्हणून क्रमाने लिहीत आहे.

१. निघण्याच्या आठवडाभर आधी कागदांची फाईल तयार करा

सुरुवात कुलपापासून करावी असे कोणालाही वाटेल, पण माझ्या मते पहिले काम कागदांचे आहे. चोरीचा माल सापडला, तरी तो आपलाच आहे हे दाखवता आले नाही तर तो हाती येण्यास फार विलंब लागतो, आणि चोरीनंतरच्या धांदलीत जुनी बिले शोधायला कोणाचे डोके ठिकाणावर नसते. फाईलमध्ये पुढील गोष्टी असाव्यात:

- दागिन्यांची बिले. नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक कोरलेला असतो, १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी तो सक्तीचा आहे. हा क्रमांक यादीत दागिन्यासमोर लिहावा.
- प्रत्येक दागिन्याचे पुढून, मागून आणि अडकवण्याच्या फाशाजवळून काढलेले छायाचित्र.
- दागिन्यांचे वजन ग्रॅममध्ये. बाजारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, जुनी माणसे मात्र साडेअकरा ग्रॅमहून थोडा अधिक असलेला जुना तोळा धरून बोलतात, आणि तक्रारीत हा फरक पुढे अडचणीचा ठरतो.
- मोबाइलचा आयएमईआय क्रमांक. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे डायल केले की तो पडद्यावर दिसतो.
- लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच, कॅमेरा यांची बिले आणि त्यांच्यावरील अनुक्रमांक.
- वाहनाचे नोंदणी पुस्तक आणि विम्याची प्रत.
- घरविमा असल्यास पॉलिसी, आणि तिच्यात घरफोडीचा समावेश आहे की नाही याची खातरजमा.
- बँक खाती आणि कार्डे बंद करण्यासाठी लागणारे बँकांचे अधिकृत क्रमांक.

या फाईलची एक प्रत घराबाहेर, म्हणजे भावाकडे किंवा लेकीकडे असावी. कपाटातील फाईल कपाटाबरोबरच विस्कटली जाते.

जुन्या दागिन्यांची बिले बहुतेकांकडे नसतात. आमच्या शेजारच्या काकूंची बोरमाळ त्यांच्या सासूबाईंची होती आणि तिचा कागद म्हणून काहीच नव्हता. ठाण्यात हवालदार एकेक दागिना लिहून घेत होते आणि बोरमाळेपाशी लेखणी थांबली. तेव्हा काकूंच्या सुनेने मोबाइलमध्ये मागच्या वर्षीच्या गौरीचा फोटो शोधून काढला. गौरीच्या गळ्यात तीच माळ होती आणि तिचे काही मणी निखळल्यावर सराफाकडून बसवून घेतलेले थोडे लहान मणी त्यात स्पष्ट दिसत होते. पुढे माल ओळखताना तीच खूण कामी आली. म्हणून बिल नसेल तर लग्नातले, हळदीकुंकवातले, बारशातले फोटो शोधून ठेवा आणि दागिन्याची दुरुस्ती, डाग, वाकलेला फासा अशा खुणा यादीत लिहा.

२. दागिने लॉकरमधून कधी काढायचे आणि कधी परत ठेवायचे, हे दिनदर्शिका पाहून ठरवा

गौरी आवाहनाला आणि लक्ष्मीपूजनाला घरातले सोने बाहेर निघते, हे आपल्याला जसे ठाऊक आहे तसेच चोरट्यांनाही ठाऊक आहे. धोका पूजेच्या दिवशी कमी असतो, कारण घरात माणसे असतात. विसर्जनानंतर लागोपाठ सुट्या आल्यामुळे लॉकर उघडता येत नाही आणि दागिने कपाटात तसेच राहतात, तेव्हा तो वाढतो. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात आणि सणाच्या सुट्या राज्यागणिक वेगवेगळ्या असतात. ज्यांचे लॉकर गडहिंग्लज किंवा कोल्हापूरच्या शाखेत आहे, त्यांनी महाराष्ट्रातील बँक सुट्यांची यादी पाहावी, बेळगावची यादी तेथे चालणार नाही.

रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेची भरपाई वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत मर्यादित असते. भाडे दोन हजार रुपये असेल तर दोन लाख, एवढा त्याचा अर्थ. तरीही बंद घरातील लोखंडी कपाटापेक्षा लॉकर कितीतरी सुरक्षित आहे.

गौरीची आरास आणि अंगावरचे दागिने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकण्याचा मोह आवरा. नातेवाईकांना पाहायचे असेल, तर त्यांना वेगळे पाठवता येते.

३. घर बंद करताना

घरफोडीच्या बातम्यांत ‘कडीकोयंडा तोडून’ हे शब्द सतत येतात, ते उगीच नव्हे. कुलूप कितीही भारी घेतले, तरी कोयंडा जुन्या चौकटीत दोन छोट्या स्क्रूंवर उभा असेल, तर लोखंडी पहारीचा एक हिसका पुरतो. चौकटीच्या आरपार जाणारे बोल्ट लावून कोयंडा बसवून घ्या, आणि शक्य असेल तेथे बाहेर लोंबणाऱ्या कुलपाऐवजी दारातच बसणारे कुलूप वापरा, कारण लोंबते कुलूप रस्त्यावरूनच सांगते की घरात कोणी नाही. परसदार आणि गच्चीचे दार यांकडे तेवढेच लक्ष द्या. जुन्या गल्ल्यांत घरे भिंतीला भिंत लावून असल्याने शेजारच्या गच्चीवरून येणे अवघड नसते, आणि कौलारू घरात तर वरूनही वाट असते.

दूध आणि वर्तमानपत्र बंद करायला सांगा. दारातली रांगोळी चार दिवसांची झाली, की घर ओळखू येते. म्हणून विश्वासातल्या शेजाऱ्यांना अंगण झाडायला आणि संध्याकाळी व्हरांड्यातला दिवा लावायला सांगा. दिवसरात्र जळणारा दिवा उपयोगाचा नाही, भर दुपारी तो पाहिला की घर बंद असल्याचे कळते. चावी कुंडीखाली, मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या कपाटात ठेवू नका.

जास्त दिवसांसाठी जात असाल, तर आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. अर्जात घराचा पत्ता, जाण्या-येण्याच्या तारखा, तुमचा क्रमांक आणि चावी ज्यांच्याकडे आहे त्या शेजाऱ्यांचा क्रमांक असावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. रात्रीच्या गस्तीला त्यामुळे निदान कोणते घर पाहायचे ते कळते. भाड्याच्या खोलीत नव्याने आलेल्यांनी, विशेषतः शिक्षणासाठी बेळगावात आलेल्या मुलामुलींनी, पहिल्याच दिवशी कुलूप बदलावे, कारण आधीच्या भाडेकरूकडे चावी राहिलेली असू शकते.

४. बस आणि रेल्वेच्या प्रवासात

सणाच्या आदल्या दिवशी बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गाडी लागताच दाराशी जी रेटारेटी होते, तेथेच बहुतेक पाकिटे आणि पर्समधले दागिन्यांचे डबे जातात. दोन्ही हात दांड्याला आणि मुलाला गुंतलेले असतात, मागून ढकलणारा माणूस गर्दीचाच भाग वाटतो, आणि पर्सची चेन उघडल्याचे कळते ते तिकीट काढताना. दागिने पिशवीच्या तळाशी ठेवून पिशवी वरच्या फळीवर टाकू नका. ते अंगालगत, कपड्यांच्या आत शिवलेल्या खिशात असावेत.

कर्नाटकातील महिलांना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या बसचा प्रवास मोफत आहे, आणि त्यासाठी ओळखपत्र हाताशी लागते. ते ओळखपत्र पैशांच्या पाकिटात ठेवू नये, छोट्या वेगळ्या पाऊचमध्ये ठेवावे, म्हणजे वाहकाला दाखवताना सारी पुंजी सर्वांसमोर उघडी पडत नाही. वाहक देतो ते शून्य रकमेचे तिकीटही उतरेपर्यंत जपून ठेवा. तुम्ही कोणत्या गाडीत, किती वाजता होता याचा तो एकमेव कागदी पुरावा असतो. चोरी बसमध्येच लक्षात आली, तर उतरू नका, चालक-वाहकाला ताबडतोब सांगा आणि गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात नेण्याचा आग्रह धरा.

रेल्वेत १३९ हा क्रमांक सुरक्षेसाठीही आहे. धावत्या गाडीत चोरी झाली, तर तक्रारीसाठी मध्येच उतरण्याची गरज नसते. तिकीट तपासनीस, गार्ड किंवा गाडीसोबतच्या पोलिसांकडून तक्रारीचा अर्ज घेऊन गाडीतच भरून देता येतो.

५. यात्रा, मिरवणूक आणि बाजार

सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का, गावची लक्ष्मी यात्रा, दिवाळीआधीचा गणपत गल्ली आणि खडेबाजार, किंवा पहाटेपर्यंत चालणारी विसर्जन मिरवणूक, या सगळ्या ठिकाणी एक नियम पाळा: गळ्यातले मोठे दागिने घरी, अंगावर फक्त रोजचे. मंगळसूत्र पदराने किंवा ओढणीने झाकून पिनेने जोडून घ्यावे. लहान मुलांच्या खिशात नाव आणि पालकांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मूल चुकले तर पोलिसांच्या मदत केंद्रावरून ध्वनिक्षेपकावर पुकारा करवून घ्या, आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी लक्षात असू द्या.

तोतया पोलिसांची फसवणूक मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिला शिकलेली, सावध माणसेही बळी पडतात आणि तिचा रोख बहुधा एकट्या चालणाऱ्या वयस्कर व्यक्तींवर असतो. सकाळी देवळातून किंवा फिरून परतताना मोटारसायकलवर दोघे नीटनेटके पुरुष थांबतात. एकजण पाकिटातले कार्ड क्षणभर उघडून मिटतो आणि म्हणतो, “मावशी, पुढच्या चौकात रात्री लूटमार झाली आहे, साहेब तपासणी करताहेत, एवढे दागिने घालून कुठे निघालात?” तेवढ्यात त्यांचाच तिसरा साथीदार वाटसरू म्हणून तेथे येतो. त्याला दरडावले जाते, तो निमूटपणे साखळी आणि अंगठी काढून देतो, ‘पोलीस’ ती कागदात गुंडाळून त्याच्या हातात परत देतात आणि तो आभार मानून निघून जातो. हे डोळ्यांसमोर घडल्यामुळे मावशींचाही विश्वास बसतो. त्यांचे दागिने घेतले जातात, कागदाची पुडी बांधली जाते, पिशवीत ठेवली जाते, आणि घरी गेल्यावरच उघडा असे बजावले जाते. घरी पुडीत खडे किंवा खोट्या बांगड्या निघतात.

खरे पोलीस रस्त्यावर कोणाचेही दागिने उतरवून पुडीत बांधून देत नाहीत. असा प्रसंग आला, तर दागिन्यांना हात लावू न देता जवळच्या दुकानात किंवा घरात शिरा, मोठ्याने हाक मारा आणि ११२ वर फोन करा. घरातील आजी-आजोबांना हे आधीच, कृती करून दाखवून सांगा. भांडी-दागिने चकाकवून देतो म्हणून दारात येणारे, आणि बँकेबाहेर ‘तुमचे पैसे पडले’ किंवा ‘शर्टावर घाण पडली’ म्हणून लक्ष विचलित करणारे, यांचाही डाव असाच असतो.

६. मोबाइलवरील फसवणूक

सुटीत आपल्याकडची बरीच मंडळी चोर्ला घाटातून गोव्याला किंवा दांडेली-कारवारकडे जातात, आणि त्याच सुमारास खोट्या हॉटेलांच्या व बंगल्यांच्या जाहिराती दिसू लागतात. दर कमी, फोटो सुंदर, आणि आगाऊ रक्कम एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागितलेली, अशी त्यांची ठेवण असते. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर लगेच पैसे पाठवू नका. नकाशावरील जागा, जुने अभिप्राय आणि हॉटेलचा स्वतंत्रपणे मिळवलेला क्रमांक तपासून पाहा.

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी नाही. परतावा, बक्षीस किंवा दिवाळी बोनस घेण्यासाठी पिन टाका किंवा क्यूआर स्कॅन करा असे कोणी सांगितले, की तेथेच थांबा. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा कुरिअरची माहिती म्हणून एपीके (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाईल आली, तर ती ओळखीच्या क्रमांकावरून आली असली तरी उघडू नका, कारण त्या माणसाचाही मोबाइल आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो, त्या नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातात, त्यामुळे लवकर कळवल्यास ते वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले असतील आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकावर तोटा येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे धरले जाते. म्हणून लाजेपोटी उशीर करू नका, घरच्यांनीही अशा वेळी रागावू नये.

७. चोरी झाल्याचे लक्षात आल्यावर पहिला तास

दार फुटलेले दिसले, तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो, आणि नसला तरी कपाट, कडी, काच यांवरचे ठसे आपल्याच हातांनी पुसले जातात. बाहेर उभे राहून ११२ ला फोन करा. निपाणी, कोगनोळी किंवा चंदगडच्या सीमेलगत मोबाइलने शेजारच्या राज्याचा टॉवर पकडलेला असू शकतो, म्हणून फोन लागताच आधी गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगा, मग घटना सांगा. पोलीस आणि ठसेतज्ज्ञ येऊन जाईपर्यंत आवराआवर करू नका. मोबाइल चोरीला गेला असेल, तर सिम बंद करून घ्या आणि तक्रारीची प्रत हाती आल्यावर केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर त्याचा आयएमईआय रोखून घ्या.

८. तक्रार नोंदवताना

सीमाभागातील माणसाला सर्वाधिक धास्ती या पायरीची वाटते, म्हणून पुढील गोष्टी नीट लक्षात घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्हा (न्यायालयाच्या आदेशाविना पोलीस तपास करू शकतात असा) कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. यालाच शून्य क्रमांकाची तक्रार (झिरो एफआयआर) म्हणतात. कोल्हापूर-बेळगाव प्रवासात पाकीट गेले आणि ते बेळगावात उतरल्यावर कळले, तर ‘महाराष्ट्रात जा’ असे सांगून परत पाठवता येत नाही. येथे नोंद होऊन कागद पुढे संबंधित ठाण्याकडे जातात. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

कर्नाटकातील ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते. तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवणे कायद्याने आवश्यक आहे, तेव्हा कन्नड नीट वाचता येत नसेल, तर ओळखीतला कन्नड जाणणारा माणूस सोबत न्या आणि ओळ न ओळ मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका. तारीख, वेळ, प्रत्येक दागिन्याचे ग्रॅममधले वजन आणि क्रमांक विशेष तपासा. स्वतःचे निवेदन मराठीत लिहून जोडायचे असेल, तर गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. तरी काम लवकर व्हावे म्हणून सोबत कन्नड प्रत दिलेली बरी, असे माझे मत आहे. ठाण्यातील बरेच कर्मचारी मराठी बोलतात, आणि शांतपणे, मुद्देसूद सांगितले तर सहकार्य मिळते.

येथे एक सापळा आहे. चोरी झालेली असताना कधी कधी केवळ ‘वस्तू हरवली’ अशी पोच हातात दिली जाते. अशा पोचेवर विमा कंपनी चोरीचा दावा सहसा मान्य करत नाही आणि तपासही सुरू होत नाही. हिसकावून नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तो तसाच लिहिला गेला पाहिजे. प्रथम माहिती अहवालाची (एफआयआरची) प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय परत येऊ नका. नोंद करण्यास नकार मिळाला, तर घटनेचा मजकूर लिहून पोस्टाने बेळगाव शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांना, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीसारख्या भागांत जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. त्यानंतरही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

घरातील वृद्धांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी. साक्षीदार म्हणून विचारपूस करण्यासाठी महिलांना, तसेच ६० वर्षांवरील व्यक्तींना, त्यांच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही.

९. तक्रारीनंतर

विमा कंपनीला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी कळवा, पॉलिसीतील मुदत उलटू देऊ नका. तपास अधिकाऱ्यांचे नाव आणि गुन्हा क्रमांक लिहून ठेवा आणि अधूनमधून चौकशी करा. चोर पकडला गेला आणि माल मिळाला, तरी तो पोलीस परस्पर देत नाहीत. जप्त मुद्देमाल ताब्यात मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तेथे पहिल्या पायरीतील फाईल, बिले, फोटो आणि खुणांची यादी लागते. ऐवज ओळखण्यासाठी बोलावणे आले, की दागिना ज्यांच्या अंगावर असे, त्यांनाच बरोबर न्या. अंतरिम ताबा देताना न्यायालय बंधपत्र लिहून घेते. त्यातील अटी वकिलाकडून समजून घ्या, कारण खटला संपेपर्यंत तो दागिना विकण्यास, मोडण्यास किंवा त्याचा घाट बदलण्यास सहसा मनाई असते आणि न्यायालयाने मागितल्यास तो जसाच्या तसा पुन्हा हजर करावा लागतो.